ग्लूटेन-फ्री पिझ्झा सॉस: बाटली, हिंग आणि पळी

प्रश्न: आम्ही नाशिकला राहतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला आठ महिन्यांपूर्वी सीलिॲक (गहू-बार्लीतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) असल्याचं कळलं. ज्वारी-तांदळाचा पिझ्झा बेस आता घरी बरा जमतो, पण सॉसपाशी अडतंय. दुकानातल्या बाटलीवर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेलं नसतं आणि गहूही लिहिलेला नसतो, मग ती घ्यायची की नाही? घरी केला तर सॉस पातळ होतो आणि बेस भिजून लगदा होतो. आम्ही जैन आहोत, त्यामुळे कांदा-लसूण नाही, फोडणीत हिंग घालते. मुलीचा टी-टीजीचा (सीलिॲकच्या रक्तचाचणीचा) आकडा उतरतोय, पण फार हळू. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे आणि तिला मैत्रिणींबरोबर पिझ्झाच हवा आहे.

उत्तर:

ताई, सॉसकडे वळण्याआधी तुमच्या हिंगाची डबी हातात घ्या आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. तिथं गव्हाचं पीठ किंवा मैदा लिहिलेला असण्याची दाट शक्यता आहे. आपण रोज वापरतो तो बांधानी हिंग. अफगाणिस्तान-इराणकडून येणारा मूळ हिंगाचा चीक इतका उग्र असतो की तो तसाच वापरता येत नाही, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळतात. काही कंपन्या तांदळाचं पीठ घालतात, पण गव्हाचं घालणाऱ्या पुष्कळ आहेत. डबीवर नुसतं ‘इडिबल स्टार्च’ किंवा ‘सीरियल फ्लोअर’ असेल आणि कुठल्या धान्याचं ते दिलेलं नसेल, तर ती डबी तुमच्या मुलीसाठी बाद धरा.

मी हे इतक्या ठामपणे सांगते, कारण माझी स्वतःची एक चूक त्यामागे आहे. पुण्यात मी सीलिॲक असलेल्या मुलांच्या आहाराचं काम करते. सुरुवातीच्या वर्षांत मी आईवडिलांना अगदी सहज सांगायची, “बाहेरचं बंद करा, घरचं वरण-भात, भाकरी, भाजी सगळं चालेल.” एका घरात मुलगा वर्षभर काटेकोर पथ्यावर होता, तरी पोट फुगायचं आणि वजन जागचं हलत नव्हतं. शेवटी मी एक अख्खी सकाळ त्यांच्या ओट्याजवळ उभी राहिले. आईनं आमटीला फोडणी दिली, हिंग घातला. भाजीला हिंग, ताकाला हिंग, लोणचं आधीच हिंगाचं. डबी फिरवून वाचली तर घटकांत गव्हाचं पीठ. हिंग बदलल्यावर पुढच्या काही महिन्यांत त्याचा आकडा खाली आला. तेव्हापासून मी नव्या घरात सगळ्यात आधी हिंगच विचारते.

एवढ्याशा चिमटीनं काय होणार, असं घरातली मोठी माणसं म्हणतात. त्यांना हा हिशोब सांगा. गव्हाच्या पिठात साधारण ११ टक्के प्रथिनं असतात आणि त्यातली ८० टक्क्यांच्या आसपास ग्लूटेन. म्हणजे ३० ग्रॅम पिठाच्या एका पोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास, अर्थात २,५०० मिलिग्रॅम ग्लूटेन झालं. सीलिॲक असलेल्या बहुतेकांना दिवसभरात १० मिलिग्रॅमपर्यंत चुकून गेलेलं सोसतं असं मानतात. रोज ५० मिलिग्रॅम जात राहिलं तर आतड्याला इजा होते, हे अभ्यासातून दिसलं आहे. आता चिमटीत पाव ग्रॅम हिंग धरा आणि त्यातला निम्मा भाग मैदा धरा. दहाएक मिलिग्रॅम ग्लूटेन तिथंच आलं. चौघांच्या आमटीत ते वाटलं गेलं तर एकेकाच्या वाट्याला थोडंच येतं, हे खरं. पण आमटी, भाजी, ताक आणि वर पिझ्झा सॉस असं दिवसभर जोडत गेलं की मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. आकडा हळू उतरण्याला दुसरंही साधं कारण असू शकतं: कित्येक मुलांत तो पूर्ववत व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. म्हणून घाबरू नका, पण डबी आजच बघा.

आणखी एक, इथंच सांगून टाकते. मुलीला भाऊ-बहीण असेल तर त्यांचीही टी-टीजी चाचणी करून घ्या, आणि ती होईपर्यंत त्यांचा गहू बंद करू नका. गहू सोडल्यावर केलेली चाचणी खोटा दिलासा देते. सगळं घर एकदम ग्लूटेन-फ्री करण्याच्या उत्साहात ही गोष्ट फार जणांकडून राहून जाते.

हिंगाला पर्याय आहेत. तांदळाच्या पिठातला, डबीवर ‘ग्लूटेन-फ्री’ छापलेला हिंग आता मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन मिळतो. पण पिझ्झा सॉसमध्ये हिंग हवाच असं नाही. बाहेर ‘जैन पिझ्झा’ मागितला की लसणाच्या जागी हिंग येतो आणि तो कुठल्या डबीतला हे काउंटरवरच्या मुलाला माहीत नसतं. मुंबई-पुण्यात, तुमच्याकडे नाशिकला जैन सॉस सर्रास मिळतो. कांदा-लसूण नाही म्हणून तो जास्त निर्धोक, असं बऱ्याच आयांना वाटतं. सीलिॲकपुरतं बोलायचं तर मला साध्या सॉसपेक्षा जैन सॉसचीच जास्त काळजी वाटते.

आता मूळ सॉसकडे येऊ. पिझ्झा सॉसला गव्हाची काहीच गरज नाही. जिथून पिझ्झा आला त्या नेपल्समध्ये सॉस म्हणजे सोललेले टोमॅटो हातानं कुस्करलेले, त्यात मीठ, आणि पिझ्झ्यावर तुळशीची दोन पानं व तेलाची धार. सॉस शिजवतसुद्धा नाहीत, कारण तिथली लाकडाची भट्टी साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत तयार होतो. तेवढ्या आचेत पाणी उडून जातं. त्याच इटलीत सीलिॲक लोकांची संघटना १९७९ पासून काम करते आहे आणि २००५ मध्ये या रुग्णांसाठी तिथं वेगळा कायदा झाला. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून ग्लूटेन-फ्री पदार्थांसाठी दरमहा ठरावीक रक्कमही मिळते. पिझ्झाच्या माहेरी सीलिॲक असलेलं मूल पिझ्झा खातं, हे मी नव्यानं निदान झालेल्या प्रत्येक मुलाला आवर्जून सांगते. त्यांच्या चेहऱ्यावर फरक पडतो.

मग सॉसमध्ये ग्लूटेन शिरतं कुठून? दाटपणासाठी घातलेल्या पिठातून, चवीसाठी घातलेल्या तयार मिश्रणातून, आणि सगळ्यात जास्त वेळा भांड्या-पळीतून. बेकरीत आणि केटररकडे टोमॅटो महाग झाला की सॉसमध्ये पाणी वाढतं आणि ते दाट करायला कॉर्नफ्लोअर, कधी चक्क मैदा पडतो. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथला सुटा सॉस पिशवीतून आणू नका.

बाटलीबद्दल तुम्ही नेमका प्रश्न विचारला आहे. आपल्याकडे ‘ग्लूटेन-फ्री’ हे शब्द छापायचे असतील तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. म्हणजे अशा सॉसचे ५० ग्रॅम, एका मध्यम पिझ्झ्यापुरते, खाल्ले तर अगदी वरच्या मर्यादेलाही १ मिलिग्रॅम होतं. हे निर्धोक. ‘लो ग्लूटेन’ हा वेगळा शब्द आहे, त्यात १०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. तो तुमच्या मुलीसाठी नाही. लेबलिंगच्या २०२०च्या नियमांप्रमाणे गहू, बार्ली, राय, ओट्स यांपैकी काही घटकांत असेल तर ते ॲलर्जीच्या सूचनेत ‘कंटेन्स’ म्हणून सांगावं लागतं, आणि कारखान्यात संपर्क येण्याची शक्यता असेल तर ‘मे कंटेन’ असं लिहिता येतं. ‘मे कंटेन व्हीट’ दिसलं की बाटली परत फळीवर ठेवा, मग घटकांची यादी कितीही स्वच्छ असो.

राहिली ती मधली बाटली, जिच्यावर दोन्ही लिहिलेलं नाही. माझा नियम असा आहे: यादी छोटी असेल, म्हणजे टोमॅटो, मीठ, फार तर सायट्रिक ॲसिड, तर मी घ्यायला सांगते. साधी टोमॅटो प्युरी, टोमॅटो पेस्ट, डबाबंद सोललेले टोमॅटो आणि काचेच्या बाटलीतला इटालियन पासाटा यात बसतात. पासाटा म्हणजे गाळलेले टोमॅटो, बाकी फारसं काही नाही. ‘पिझ्झा-पास्ता सॉस’ म्हणून मिळतो त्यात मात्र पंधरा-वीस घटक असतात. तो ग्लूटेन-फ्री छापलेला असेल तरच घ्या. ब्रँडचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. कंपन्या कृती बदलतात, त्याच नावाच्या दोन आकारांच्या पाकिटांत वेगळे घटक मी पाहिलेले आहेत. आयात मालावर भारतीय स्टिकर चिकटवलेला असतो, त्याच्याखालचं मूळ लेबलही वाचता येत असेल तर वाचा.

यादीतल्या काही शब्दांनी लोक विनाकारण घाबरतात आणि काहींकडे दुर्लक्ष करतात. आयएनएस म्हणजे पदार्थात मिसळलेल्या पूरक द्रव्यांचे क्रमांक: ४१५ म्हणजे झॅन्थन गम, ४१२ म्हणजे गवार गम, ३३० सायट्रिक ॲसिड, २११ सोडियम बेंझोएट. यांत ग्लूटेन नाही. १४२२ आणि १४४२ हे सुधारित स्टार्च आहेत. ते मक्याचे, टॅपिओकाचे किंवा गव्हाचेही असू शकतात, म्हणून तिथं ॲलर्जीची सूचना बघायची. ॲसेटिक ॲसिड किंवा सिंथेटिक व्हिनेगर चालतं, माल्ट व्हिनेगर नाही, ते बार्लीचं. ‘माल्ट एक्स्ट्रॅक्ट’, ‘बार्ली माल्ट’ दिसलं की बाटली ठेवून द्या. सोया सॉस गव्हाबरोबर आंबवतात, आणि ‘तंदुरी’, ‘शेजवान’ अशा नावांच्या पिझ्झा सॉसमध्ये तो असू शकतो. पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या जपून. त्यात नुसता ओरेगॅनो नसतो, मीठ, मसाले, कधी स्टार्च असं मिश्रण असतं. घरी सुका, निव्वळ ओरेगॅनो आणा.

परदेशातल्या नातलगांकडून सॉस मागवत असाल तर प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. अमेरिकेत ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत, आपल्यासारखंच. पण तिथल्या ॲलर्जीच्या यादीत गहू सक्तीनं सांगतात, बार्ली आणि राय नाही. त्यामुळे ‘गहू नाही’ एवढ्यावर थांबू नका, माल्ट शोधा. युरोपात आणि ब्रिटनमध्ये बार्लीही सांगावी लागते. ऑस्ट्रेलियाचा नियम सगळ्यांत कडक, तिथं ग्लूटेन सापडताच कामा नये. मात्र तिथंच ‘व्हीटन कॉर्नफ्लोअर’ नावाचं गव्हाचं स्टार्च विकलं जातं. नाव कॉर्नफ्लोअर, वस्तू गहू. मेलबर्न-सिडनीत नव्यानं गेलेल्या आपल्या लोकांची इथं फसगत होते.

आता तुमचा पातळ सॉस. सॉस पातळ होण्याची दोन कारणं असतात, टोमॅटोची जात आणि चिरण्याची घाई. लाल, रसरशीत, आंबट गावठी टोमॅटो सारासाठी उत्तम, सॉससाठी नाही, त्यात पाणी आणि बियाच फार. तुमच्या शेजारी पिंपळगाव बसवंतला जे लांबट, जाड सालीचे, गराचे टोमॅटो गाड्या भरून येतात ते घ्या. तेही पूर्ण लाल होईपर्यंत दोन-तीन दिवस घरात टोपलीत ठेवा, फ्रिजमध्ये नको, तिथं चव मरते.

दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. टोमॅटो कापला किंवा कच्चा मिक्सरमधून काढला की त्यातले विकर (एन्झाइम) मोकळे होतात आणि टोमॅटोला अंगचा दाटपणा देणारं पेक्टिन तोडायला लागतात. कच्चा रस अर्धा तास तसाच पडला तर वर गर आणि खाली पाणी असा वेगळा होतो, आणि मग तो कितीही आटवला तरी पिझ्झ्यावर पाणी सुटतं. कढत आचेनं हे विकर निकामी होतात. सॉसचे कारखाने टोमॅटो चुरडताक्षणी ८५ ते ९५ अंशांपर्यंत तापवतात ते त्यासाठीच. घरी याची सोय सोपी आहे. पसरट स्टीलचं पातेलं आधी चांगलं तापवा, चार-पाच टोमॅटो चिरून लगेच त्यात टाका, पळीनं दाबा, उकळी फुटली की पुढचे चार चिरून टाका. उकळी मोडू द्यायची नाही. सगळे मऊ झाल्यावर मगच वाटा. लोखंडी कढई नको, आंबटामुळे चव आणि रंग दोन्ही बिघडतात.

एक किलो टोमॅटोला माझं प्रमाण असं. टोमॅटो वर सांगितल्याप्रमाणे शिजवून, निवल्यावर मिक्सरमधून काढून गाळून घ्यायचे. कांद्याचा गोडवा नाही, म्हणून एक मोठी लाल ढोबळी मिरची गॅसवर काळी होईपर्यंत भाजायची, साल काढून त्याच वाटणात घालायची. ढोबळी नसेल तर लाल भोपळ्याचे चार तुकडे टोमॅटोबरोबर शिजवा. दोन्हींमुळे साखर लागतच नाही आणि दाटपणाही येतो. दोन बेडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात भिजवून वाटायच्या, रंग सुंदर येतो, तिखटपणा मुलांना सोसेल एवढाच. मग पातेल्यात दोन मोठे चमचे तेल, ऑलिव्हचं असेल तर छान, शेंगदाण्याचंही चालतं. मंद आचेवर अर्धा चमचा बडीशेप जाडसर कुटून तेलात घाला, वास सुटला की चार-पाच मिरी ठेचून, आणि लगेच टोमॅटोचं वाटण. लसणाची जी खमंग बाजू आहे ती बडीशेप-मिरी भरून काढतात, हिंगाची आठवण येत नाही. मीठ पाऊण चमचा, कारण चीज खारट असतं. झाकण न ठेवता मध्यम आचेवर ३५ ते ४० मिनिटं आटवायचं, शेवटी शेवटी सतत ढवळत. उतरवताना एक चमचा सुका ओरेगॅनो तळहातावर चोळून घाला, आधी घातला तर कडवटतो. एक किलोचा साधारण ४०० ग्रॅम सॉस होतो. लसूण खाणाऱ्या वाचकांनी बडीशेपेच्या जागी पाच-सहा पाकळ्या बारीक चिरून, करपू न देता परताव्यात.

ताज्या पानांबद्दल एक मला आवडणारी गोष्ट. इटालियन बेसिल आणि आपला सब्जा एकाच जातीचं झाड आहे, फालुद्यातल्या बिया त्याच्याच. गंधात फरक पडतो, पण कुंडीत सब्जा असेल तर कोवळी पानं पिझ्झ्यावर टाकून बघा. पानओव्यात ओरेगॅनोसारखंच कार्व्हाक्रोल हे सुगंधी द्रव्य असतं. त्याचं एक पान बारीक चिरून सॉसमध्ये घातलं तर वास पार जवळ जातो, मात्र एकच पान, दुसऱ्यानं सॉस औषधी लागतो. तुमच्याकडे चातुर्मासात पालेभाजी-पानं वर्ज्य असतील तेव्हा सुका ओरेगॅनो आहेच.

सॉस झाला की नाही ते घड्याळावर ठरवू नका. स्टीलच्या ताटलीत चमचाभर सॉस टाका, मधून बोटानं रेघ ओढा, मिनिटभर थांबा. रेघ तशीच राहिली आणि सॉसच्या कडेनं पाणी सुटलं नाही तर झाला. पाणी दिसलं तर अजून दहा मिनिटं. अगदी वेळच नसेल तर एक चमचा मक्याचं कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून उकळत्या सॉसमध्ये घाला. पाकिटबंद, ग्लूटेन-फ्री छापलेलं घ्या. आरारूट आणि साबुदाण्याचं पीठ ग्लूटेनच्या दृष्टीनं चालतं, पण दोन्ही कंदाची म्हणून कदाचित तुमच्याकडे चालणार नाहीत. मी स्वतः आटवण्याचाच आग्रह धरते. पिठाचा दाटपणा ओव्हनच्या आचेत पुन्हा सैल पडतो.

हा आग्रह ग्लूटेन-फ्री बेससाठी जास्तच आहे. मैद्याच्या कणकेत ग्लूटेनची जाळी असते, ती ओलावा काही काळ अडवून धरते. ज्वारी-तांदळाच्या बेसला ती जाळी नाही, सॉसमधलं पाणी सरळ आत उतरतं. म्हणून बेस आधी एकटाच भाजून घ्या, ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) २२० अंशांना सात-आठ मिनिटं, वरून कोरडा दिसेपर्यंत. त्यावर तेलाचा हात फिरवा, मग किसलेल्या चीजचा अगदी पातळ थर, त्यावर सॉस, आणि वर पुन्हा चीज. खालचं चीज वितळून बेस आणि सॉसच्या मध्ये पडदा होतो. वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटरच्या बेसला तीन मोठे चमचे सॉस पुरे. आपण सढळ हातानं घालतो आणि मग बेसला दोष देतो. बेसचं पीठ गिरणीतून आणत असाल तर मागच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात उरलेला असतो. ज्वारी आणि तांदूळ घरच्या चक्कीवर, जिच्यात गहू कधीच दळलेला नाही अशाच चक्कीवर दळा, नाहीतर ग्लूटेन-फ्री छापलेलं पाकीट घ्या.

भांड्यांचं थोडक्यात सांगते. सॉस गाळायला पीठ चाळायची चाळणी नको, तिच्या जाळीत मैदा बसलेला असतो आणि धुऊन निघत नाही. नवी गाळणी आणा, तिच्या दांड्याला लाल दोरा बांधा. लाकडी उलथणं, लाकडी पोळपाट-लाटणं मुलीचं वेगळं. मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग काढून धुवा, तिच्या खाली ब्रेडचा चुरा मी कित्येकदा पाहिला आहे. स्टील आणि काच साबणानं नीट घासली की चालते. आणि उकळल्यानं किंवा भाजल्यानं ग्लूटेन मरत नाही, ते जंतू नाही. ‘ओव्हनमध्ये जळून जाईल’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

सॉस फ्रिजमध्ये चार दिवस चांगला राहतो. जास्त केला तर बर्फाच्या ट्रेमध्ये वड्या गोठवा, दोन-तीन महिने टिकतात. तुमच्याकडे शिळं चालत नसेल तर पाव किलोचाच करा, वीस मिनिटांत आटतो. बाटलीत भरून बाहेर ठेवायचा बेत मात्र नको. आजच्या टोमॅटोंचा आंबटपणा सारखा नसतो आणि ढोबळी मिरची किंवा भोपळा घातल्यावर तो आणखी उतरतो, त्यात बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा धोका आहे. तेलात बुडवलेला लसूण बाहेर ठेवणंही तितकंच धोक्याचं.

वाढदिवस बाहेर करायचा विचार असेल तर एक अनुभव सांगते. सीलिॲक असलेल्या काही मुलांना घेऊन मी एका कॅफेत गेले होते. तिथं ग्लूटेन-फ्री बेस वेगळ्या पिशवीत, वेगळ्या फ्रीजरमध्ये होता, सॉसही घरचा, निव्वळ टोमॅटोचा. मी समाधानानं ऑर्डर दिली आणि काचेतून बघत उभी राहिले. पिझ्झा करणाऱ्या मुलानं पळीभर सॉस मैद्याच्या बेसवर ओतला, पळीच्या पाठीनं गोल फिरवून पसरवला आणि तीच पळी परत सॉसच्या डब्यात बुडवली. दिवसभर तेच चालू होतं. चिमूटभर मैद्यात वीसेक मिलिग्रॅम ग्लूटेन असतं आणि पळीच्या पाठीला चिमटीहून जास्त लागतं. वर, पीठ हवेत उडत असतं ते वेगळंच. त्या दिवशी मी मुलांना तिथून उठवून आणलं, ती रडली, मलाही वाईट वाटलं. त्यानंतर मी बाहेर बेसचं विचारायचं सोडलं आणि हे विचारते: सॉस नव्या डब्यातून काढाल का, पळी वेगळी घ्याल का, ओट्यावर मैदा आहे का, पिझ्झा ओव्हनच्या जाळीवर थेट ठेवता की ताटात? उत्तर द्यायला कुणी चाचरलं तर तिथं मुलीला खाऊ घालू नका.

म्हणून वाढदिवस घरी करा आणि सगळ्याच मैत्रिणींना ज्वारीचा पिझ्झा द्या. दोन प्रकारचे पिझ्झे एका ओट्यावर आले की चीज टाकणारा हात इकडून तिकडे जाणारच. दोन किलो टोमॅटोच्या सॉसमध्ये वीतभराचे सोळा पिझ्झे होतात. बेस सकाळी अर्धे भाजून ठेवा, मुलींना स्वतःच सॉस पसरू द्या, प्रत्येकीला तिचा चमचा. लेकीला वेगळ्या ताटात वेगळं खावं लागणार नाही, ते तिच्यासाठी पिझ्झ्याहून मोठं असेल. चीज शक्यतो लादी आणून घरी किसा, किसलेल्या पाकिटात तुकडे चिकटू नयेत म्हणून स्टार्च लावलेलं असतं, तिथंही लेबल वाचावं लागतं. आणि केकची सुरी आधीच बाजूला काढून ठेवा, कुणी पाहुण्यांनी बेकरीचा केक आणला तर तो कापायला दुसरी द्या.